हंगाम संपला तरी डेटाबेसची डिस्क कमी होत नाही: कारण कसं शोधायचं आणि जागा कशी कमी करायची

गाळप थांबतं, काट्यावरची वर्दळ ओसरते, डेटाबेसवरचा ताण उतरतो. क्लाउडच्या बिलातली स्टोरेजची ओळ मात्र जागची हलत नाही. पुढच्या हंगामात ती आणखी वर चढते आणि हंगामानंतर त्या नव्या उंचीवरच थांबते. सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यांची ऊस नोंद आणि काटा पावत्या, मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, मिरजेतल्या लॅबचे रिपोर्ट अशी कामं करणाऱ्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांकडे हा प्रश्न दरवर्षी येतो. मी अशाच काही डेटाबेसची देखभाल करतो. ग्राहकाच्या हिशेबनीस अण्णांचा प्रश्नही ठरलेला असतो: "सर, जुन्या हंगामांचा डेटा तुम्ही काढून टाकलाय म्हणता, मग बिल तेवढंच कसं?"

अण्णांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर समजायला तीन आकडे वेगळे धरावे लागतात. पहिला, टेबलांमध्ये खरोखर असलेला डेटा. दुसरा, त्या डेटाच्या फाइल्सनी आणि लॉग वगैरे बाकीच्या पसाऱ्याने डिस्कवर अडवलेली जागा. तिसरा, डेटाबेससाठी वाटप केलेली एकूण डिस्क. बिल तिसऱ्या आकड्यावर येतं. डिलीट केल्याने पहिला कमी होतो, दुसरा बहुतेक वेळा होत नाही, आणि तिसरा तर आपोआप कधीच होत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारात, माल निम्मा राहिला म्हणून पेव लहान होत नाही. भाडं कमी करायचं तर माल काढून लहान पेवात हलवावा लागतो. इथेही तसंच आहे.

पुढचं बहुतेक लेखन अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड डेटाबेस सेवेवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल आहे, कारण आपल्याकडे तेच जास्त दिसतं. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसबद्दल जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

डिस्क वाढते कशी

आरडीएसमध्ये स्टोरेज ऑटोस्केलिंग चालू असेल, तर मोकळी जागा वाटप केलेल्या जागेच्या १० टक्क्यांवर किंवा त्याखाली आली आणि किमान ५ मिनिटं तशीच राहिली की डिस्क वाढते. ती १० जीबीने वाढते, किंवा चालू आकाराच्या १० टक्क्यांनी, किंवा मागच्या तासाभराच्या वेगावरून पुढच्या ७ तासांत जेवढी लागेल असा अंदाज निघतो तेवढी. या तिन्हींतला मोठा आकडा लागू होतो. एकदा वाढली की पुढची वाढ किमान ६ तासांनी.

यातला तिसरा निकष नीट बघा. एखाद्या रात्री कुणी मोठा डेटा आयात केला किंवा पंधरवड्याच्या ऊस बिलासाठी लाखो ओळी एका दमात अपडेट केल्या, तर त्या तासाचा वेग धरून पुढच्या ७ तासांचा हिशेब लागतो. काम तासाभरात आटोपतं, पण डिस्क एकदम बरीच वाढलेली असते आणि ती खाली येत नाही. या डिस्कखाली ईबीएस ही अ‍ॅमेझॉनची डिस्क सेवा आहे, आणि ईबीएसचा व्हॉल्यूम मोठा करता येतो, लहान करता येत नाही. स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, घेऊन तो लहान डिस्कवर उतरवू म्हटलं तर तेही चालत नाही.

ऑफ सीझनमध्ये इन्स्टन्स, म्हणजे डेटाबेस चालवणारा सर्व्हर, बंद ठेवून पैसे वाचवू, असंही बरेच जण करतात. बंद असताना इन्स्टन्सचे तास लागत नाहीत हे खरं, पण स्टोरेजचं भाडं चालूच राहतं आणि ७ दिवसांनी आरडीएस तो इन्स्टन्स आपोआप पुन्हा सुरू करतं. रिझर्व्ह्ड इन्स्टन्स, म्हणजे आधी मुदत बांधून सवलतीत, घेतला तरी सवलत इन्स्टन्सला मिळते, डिस्कला नाही.

आधी कारण शोधा

इथे मी आग्रहाने सांगतो: डिस्क कमी करायच्या आधी ती का वाढली हे सापडलंच पाहिजे. न शोधता लहान केलेली डिस्क दिवाळीपर्यंत पुन्हा तेवढीच होते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. हा प्रश्न दरवर्षी परत येतो तो यामुळेच.

क्लाउडवॉच या अ‍ॅमेझॉनच्या मोजमाप सेवेत फ्री स्टोरेज स्पेसचा आलेख वर्षभराचा काढा, आठवड्याचा नको. मग प्रत्येक डेटाबेसचा आकार पीजी_डेटाबेस_साइझ या फंक्शनने घेऊन बेरीज करा. समजा वाटप ५०० जीबी आहे, मोकळे ३२० जीबी आहेत, म्हणजे १८० जीबी वापरात. डेटाबेसची बेरीज ९५ जीबी निघाली. मग उरलेले ८५ जीबी टेबलांत नाहीत, दुसरीकडे कुठेतरी आहेत. ही तफावत मोठी असेल तर टेबलं साफ करत बसू नका, पुढचं वाचा.

माझ्या पाहण्यात तफावतीचं पहिलं कारण म्हणजे बेवारस रेप्लिकेशन स्लॉट. कुणीतरी कधीतरी रिपोर्टिंगसाठी डेटा दुसरीकडे नेण्याची व्यवस्था जोडलेली असते, डीएमएसचं टास्क म्हणा किंवा डेबेझियम म्हणा. प्रयोग थांबतो, सर्व्हर काढला जातो, स्लॉट मात्र पोस्टग्रेसमध्ये तसाच राहतो. स्लॉटचा अर्थ एवढाच की हा वाचक परत येईपर्यंत त्याच्यासाठी डब्ल्यूएएल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या, फाइल्स जपून ठेवायच्या. वाचक कधीच येत नाही आणि फाइल्स साठत राहतात.

ऑफ सीझनमध्ये, म्हणजे काहीच चालू नसताना डिस्क भरत जाते, याचं उत्तरही इथेच मिळतं. आरडीएस दर ५ मिनिटांनी स्वतःच्या अंतर्गत डेटाबेसमध्ये एक छोटीशी नोंद लिहितं. डब्ल्यूएएलची फाइलही दर ५ मिनिटांनी बदलली जाते आणि पोस्टग्रेस ११ पासून आरडीएसवर ती फाइल ६४ एमबीची असते. तासाला १२ फाइल्स, दिवसाला २८८, म्हणजे रोज १८ जीबी. एकही काटा पावती न फाटता महिन्याभरात ५०० जीबीच्या वर! मे महिन्यात डिस्क सरळ रेषेत चढताना दिसली की मी बाकी काही बघायच्या आधी स्लॉट बघतो.

पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स हा व्ह्यू उघडा. ज्या ओळीत अ‍ॅक्टिव्ह फॉल्स आहे तिचा रीस्टार्ट एलएसएन (एलएसएन म्हणजे डब्ल्यूएएलमधलं ठिकाण) आणि सध्याचा एलएसएन यांतलं अंतर पीजी_वाल_एलएसएन_डिफ ने काढा. तो आकडा तुमच्या तफावतीच्या जवळपास आला तर चोर सापडला. क्लाउडवॉचमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग्ज डिस्क यूसेज आणि ओल्डेस्ट रेप्लिकेशन स्लॉट लॅग हे दोन आलेख तेच सांगतात. स्लॉट काढण्याआधी तो कुणाचा आहे हे मात्र विचारून घ्या. काढल्यावर त्या वाचकाला सगळा डेटा नव्याने उचलावा लागतो, आणि तो वाचक एखाद्या कारखान्याच्या मुख्य कार्यालयातला डॅशबोर्ड असू शकतो. मालक सापडला नाही, कुणालाच माहीत नाही, अशी खात्री झाली की पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट चालवा. जागा काही वेळात मोकळी होते. पुन्हा तसं होऊ नये म्हणून पोस्टग्रेस १३ पासून मॅक्स_स्लॉट_वाल_कीप_साइझ हे पॅरामीटर आहे. मुळात त्याला मर्यादा नसते, म्हणून ती आपण घालायची.

मायएसक्यूएलमध्ये याच जागी बिनलॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, असतो. बिनलॉग रिटेन्शन अवर्स कुणीतरी एखाद्या स्थलांतराच्या वेळी वाढवून ठेवलेले असतात आणि मग विसरले जातात. बिनलॉग डिस्क यूसेज बघा आणि तास कमी करा.

त्यानंतर लॉग फाइल्स. एखादी तक्रार शोधताना लॉग_स्टेटमेंट ऑल केलं, म्हणजे प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये लिहायला लावली, आणि तसंच राहिलं, तर हंगामात रोजचे लॉगच डेटापेक्षा मोठे होतात. आरडीएस पोस्टग्रेसचे लॉग मुळात ४,३२० मिनिटं, म्हणजे ३ दिवस ठेवतं. लॉगिंग आवरलं की तीन दिवसांत ती जागा सुटते.

तफावत नाही, टेबलंच मोठी आहेत

आता दुसरी शक्यता. डेटाबेसची बेरीजच मोठी आहे, पण खरा डेटा तेवढा असेल असं वाटत नाही. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी ओळ मृत ठरवून नवी लिहिणं. पंधरवड्याचं बिल काढताना प्रत्येक काटा पावतीवर आधी "हिशेबात घेतली", मग "कपात झाली", मग "बँकेला पाठवली" असा शेरा बदलत गेला, तर एका पावतीच्या तीन मृत ओळी तयार होतात. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे हा फेरा हंगामभर चालूच असतो. ऑटोव्हॅक्यूम मृत ओळींची जागा पुन्हा वापरण्याजोगी करतं, पण मुळात ते टेबलाचा ठरावीक हिस्सा मृत झाल्याशिवाय हात लावत नाही. कोट्यवधी ओळींच्या टेबलासाठी हे फार उशिराचं आहे. अशा टेबलापुरता ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टर, म्हणजे हा हिस्सा, ०.०२ च्या आसपास आणावा, हे माझं मत.

कधी कधी ऑटोव्हॅक्यूम चालतं पण काहीच साफ करू शकत नाही. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी मध्ये आयडल इन ट्रान्झॅक्शन अवस्थेतलं, तासन्‌तास उघडं राहिलेलं एखादं सेशन दिसलं, तर ते अडवून बसलेलं असू शकतं. व्यवहार उघडून त्यात काही लिहिलेलं असलं की त्यानंतर मृत झालेल्या ओळी कुणालाच काढता येत नाहीत. गेटवरच्या संगणकावर स्क्रीन उघडी ठेवून माणूस जेवायला गेला, एवढंही पुरतं. उपाय अ‍ॅप्लिकेशनमध्ये आहे: माणसाच्या उत्तराची वाट बघताना व्यवहार उघडा ठेवायचा नाही. तोवर आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावा.

फुगलेलं टेबल आवळायला व्हॅक्यूम फुल आहे, पण तो पूर्ण टेबलाला कुलूप लावतो, वाचनसुद्धा थांबतं. चालू हंगामात तो विषयच काढू नका. पीजी_रिपॅक हे साधन आरडीएसवर चालतं, कुलूप अगदी थोडा वेळ लागतं. मात्र टेबलाला प्रायमरी की किंवा तशीच एखादी युनिक की लागते आणि टेबल व त्याच्या इंडेक्सच्या साधारण दुप्पट जागा मोकळी असावी लागते. मायएसक्यूएलमध्ये ऑप्टिमाइझ टेबल हेच काम करतं.

हे सगळं दरवर्षी करण्यापेक्षा हंगामाप्रमाणे पार्टिशन, म्हणजे टेबलाचे वेगळे तुकडे, करणं कितीतरी चांगलं. प्रत्येक गळीत हंगामाचं एक पार्टिशन. जुना हंगाम काढायचा झाला की त्याचा डंप, म्हणजे फाइलमधली प्रत, एस३ या अ‍ॅमेझॉनच्या फाइल साठ्यात ठेवून पार्टिशन ड्रॉप करायचं. फाइलच जाते, जागा लगेच सुटते, मृत ओळींचा प्रश्न उरत नाही. कारखान्यांच्या कामाला ही रचना इतकी चपखल बसते की नव्या डेटाबेसमध्ये ती पहिल्या दिवसापासून असायला हवी.

मिरजेतल्या लॅबच्या डेटाबेसमध्ये वेगळं दिसतं. तिथे रिपोर्टच्या पीडीएफ आणि स्कॅन केलेले कागद थेट टेबलात ठेवलेले असतात. ते एस३ वर नेऊन टेबलात फक्त पत्ता ठेवा. कारखान्यांकडे काट्यावरच्या कॅमेऱ्याचे फोटो असतील तर त्यांनाही हेच लागू.

आता डिस्क लहान करणं

नोव्हेंबर २०२४ पासून आरडीएसच्या ब्लू-ग्रीन डिप्लॉयमेंटमध्ये, म्हणजे चालू (निळ्या) डेटाबेसशेजारी नवी (हिरवी) प्रत उभी करून अदलाबदल करण्याच्या सोयीत, हिरव्या बाजूची डिस्क मूळापेक्षा लहान मागता येते. पोस्टग्रेस १२ आणि पुढे, मायएसक्यूएल ५.७ आणि पुढे, मारियाडीबी १०.४ आणि पुढे. त्याआधी हे सगळं हाताने करावं लागायचं. आता माझी पहिली पसंती यालाच. टार्गेट अलोकेटेड स्टोरेजमध्ये नवा आकार द्यायचा, आरडीएस लहान डिस्कवर प्रत उभी करतं, ती मूळ डेटाबेसच्या बरोबरीने चालत ठेवतं, आणि आपण सांगू तेव्हा दोघांची अदलाबदल करतं. अदलाबदल ठरलेल्या वेळेत, मुळात ३०० सेकंदांत, झाली नाही तर ती मागे घेतली जाते आणि जुना डेटाबेस होता तसा चालू राहतो. ऑटोमेटेड बॅकअप चालू असणं ही अट. प्रत उभी राहायला डेटाप्रमाणे तास लागू शकतात आणि तेवढ्या काळात दोन्हींचं भाडं चालू असतं. या मधल्या वेळात टेबलांची रचना बदलू नका, विकसकांना तसं आधीच सांगून ठेवा.

आकार किती मागायचा, इथे लोक हमखास फसतात. एप्रिलमधला वापर १०० जीबी दिसला म्हणून १२० मागितले, तर नोव्हेंबरमध्ये पहिल्याच पंधरवड्यात ऑटोस्केलिंग सुरू होईल. त्याहून वाईट म्हणजे एकदा वाढल्यावर ६ तास थांबावं लागतं. त्या वेळात मोठी आयात झाली तर डिस्क पूर्ण भरून डेटाबेस थांबू शकतो. काट्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग असताना हे परवडणारं नाही. मी मागच्या हंगामातला सर्वोच्च खरा वापर घेतो, म्हणजे बेवारस स्लॉट आणि लॉग वजा करून, आणि त्याच्या दीडपट मागतो.

यापेक्षा मोठा सापळा वेगाचा आहे. आरडीएसवर पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि मारियाडीबीसाठी जीपी३ प्रकारची डिस्क ४०० जीबीच्या खाली असेल तर ३,००० आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखनाच्या फेऱ्या) आणि सेकंदाला १२५ एमबी मिळतात. ४०० किंवा वर असेल तर १२,००० आणि ५००. म्हणजे ५०० जीबीची डिस्क १५० वर आणली की वेगही चौथाईवर येतो, आणि ४०० च्या खाली जादा आयओपीएस विकतही घेता येत नाहीत. त्यामुळे रीड आयओपीएस आणि राइट आयओपीएसची बेरीज भर हंगामातल्या बिलाच्या रात्रीची बघा. ती ३,००० च्या बरीच खाली असेल तर बिनधास्त लहान करा. वर असेल तर ४०० वरच थांबा. थोडं भाडं जास्त गेलं तरी बिल वेळेत निघणं महत्त्वाचं. जुनी जीपी२ असेल तर हिशेब आणखी वेगळा, तिथे प्रत्येक जीबीमागे ३ आयओपीएस मिळतात. १५० जीबीला मूळ वेग फक्त ४५०. डिस्क लहान करतानाच ती जीपी३ करून घ्या.

अण्णांना आधीच सांगून ठेवण्याची एक गोष्ट: त्या प्रदेशात वाटप केलेल्या एकूण डेटाबेस डिस्कएवढा बॅकअप फुकट असतो. डिस्क लहान झाली की ही फुकटची मर्यादाही तेवढीच लहान होते. महिनाभराचे बॅकअप ठेवत असाल तर त्या ओळीत थोडे पैसे दिसू लागतील. एकूण फायदा तरीही बहुधा राहतोच, पण तो आधी मोजून सांगितलेला बरा.

ब्लू-ग्रीन चालत नसेल तर जुनी वाट आहे. डेटाबेस लहान असेल आणि रात्रभर बंद ठेवता येत असेल तर पीजी_डंप आणि पीजी_रिस्टोअर हा सर्वांत सरळ मार्ग, आणि फुगवटा आपोआप जातो म्हणून आधी रिपॅक करण्याची गरज नाही. बंद ठेवता येत नसेल तर लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे चालू डेटाबेसमधले बदल नव्यात सतत पाठवत राहणं. त्यात आरडीएस.लॉजिकल_रेप्लिकेशन १ करून रीबूट लागतो आणि प्रत्येक टेबलाला प्रायमरी की हवी. सीक्वेन्सचे, म्हणजे आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीचे, आकडे त्यात जात नाहीत, हे विसरलात तर नवा डेटाबेस काटा पावतीचे क्रमांक पुन्हा १ पासून द्यायला लागेल आणि पहिल्याच गाडीला अडकेल. अदलाबदलीआधी प्रत्येक सीक्वेन्स सेटव्हॅलने पुढे ढकला.

आपल्याकडे डॉट नेटवर काम करणारे बरेच जण एसक्यूएल सर्व्हर वापरतात. तिथे ब्लू-ग्रीन नाही. नेटिव्ह बॅकअपची बॅक (.bak) फाइल एस३ वर घ्या आणि लहान डिस्कच्या नव्या इन्स्टन्सवर उतरवा. पण रिस्टोअर करताना फाइल्स मूळ आकाराच्याच बनतात, आतल्या डेटाएवढ्या नाही. म्हणून आधी डीबीसीसी श्रिंकफाइलने लॉग फाइल आवळा, नाहीतर ५ जीबीच्या बॅकअपला २०० जीबी जागा लागेल. ऑरोरा या अ‍ॅमेझॉनच्याच दुसऱ्या डेटाबेसवर असाल तर त्रास कमी. २०२० पासूनच्या आवृत्त्यांत टेबल किंवा पार्टिशन ड्रॉप केलं की वापर आपोआप खाली येतो, नुसत्या डिलीटने मात्र नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमधल्या फ्लेक्झिबल सर्व्हरवर पोस्टग्रेसची डिस्क वाढवता येते, घटवता येत नाही. तिथे डंप किंवा रेप्लिकेशनच.

अदलाबदलीची रात्र

एंडपॉइंटचं, म्हणजे डेटाबेसच्या पत्त्याचं, नाव तेच राहतं, म्हणून अ‍ॅप्लिकेशनमध्ये बदल लागत नाही, जर कुणी आयपी पत्ता लिहून ठेवला नसेल तर. गावोगावच्या गट कार्यालयांतले संगणक यासाठी एकदा तपासा. जावावर चालणाऱ्या सेवा जुना पत्ता लक्षात धरून बसू शकतात. अदलाबदल झाली की त्या रीस्टार्ट करा. रात्रीचे मोठे रिपोर्ट त्या वेळेला लावू नका, लांब चाललेला व्यवहार अदलाबदल अडवतो.

झाल्यावर जुना डेटाबेस नावाला ओल्ड१ जोडून तसाच चालू राहतो आणि त्याचं भाडंही. दोन-चार दिवस नव्यावर पावत्या, बिलं, रिपोर्ट नीट चालले की डिलीशन प्रोटेक्शन काढा, अंतिम स्नॅपशॉट घ्या आणि तो हटवा. नव्या डेटाबेसवर ऑटोस्केलिंगची कमाल मर्यादा जुन्यासारखी हजार जीबीवर न ठेवता मोजून लावा. मोकळी जागा २० टक्क्यांखाली गेली किंवा स्लॉट लॅग १० जीबीच्या वर गेला की संदेश येईल असे दोन अलार्म बसवा, आणि तो संदेश सोडून गेलेल्या कुणाच्या मेलवर जात नाही ना, हे एकदा पाठवून बघा. पुढच्या महिन्यात कॉस्ट एक्सप्लोररमध्ये आरडीएसची फक्त जीपी३ स्टोरेजची ओळ वेगळी काढून अण्णांना दाखवा. महिन्याच्या मधे अदलाबदल झाली असेल तर खरा आकडा त्याच्याही पुढच्या महिन्यात दिसेल.